कापडावरचं विरजण

आमच्या लॅबमधल्या नानामामांना कुणी नुसतं "शिपाई" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरात पाच चुलत भाऊ आणि मी एकटी पोरगी. ओरडल्याशिवाय आपलं कुणी ऐकत नाही हे मी दुधाचे दात पडायच्या आत शिकले. त्यामुळे पुढे मी बऱ्याच ठिकाणी ओरडताना दिसेन. नानामामा रागानं ओरडताना एकदाही दिसणार नाहीत.

त्यांचं नाव नानासो. गाव आटपाडीच्या पलीकडे, माळावरची एक धनगरवस्ती. सांगलीच्या आमच्या कॉलेजात चोवीस वर्षं झाली ते काचेची भांडी धुतात, ओटे पुसतात आणि ऑटोक्लेव्ह लावतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाखाली जंतू मारायचं यंत्र, पण मामा त्याला मोठा कुकर म्हणतात आणि त्यांच्यामुळे आता सगळा विभाग मोठा कुकरच म्हणतो. अंगानं वाळके, मिशा पांढऱ्या, गळ्यात तुळशीची माळ. कॉलेजातल्या असल्या सगळ्या माणसांना पोरं मामाच म्हणतात, पण प्रियदर्शनी मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख आणि माझ्या गाईड, त्यासुद्धा नानामामांना मामाच म्हणतात.

मी आले ते कऱ्हाडच्या बाजूनं, ऊसवाल्यांच्या घरातून, पीएच.डी. करायला. आमच्याकडे ऊस तुटला की रानात पाचट उरतं आणि ते पेटवून देतात. लहानपणापासून तो धूर मी खाल्लाय. त्या पाचटात साखर असते हो, पण ती अशी अडकलेली आणि अशा जातीची, की दारू गाळणाऱ्या यीस्टला त्यातली निम्मी पचतच नाही. दह्यातल्या काही जिवाणूंना मात्र पचते. अडचण एवढीच, की ते जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात, म्हणून तर दही आंबट होतं. मला त्यांच्याकडून आम्लाऐवजी इथेनॉल करून घ्यायचं होतं, पेट्रोलमध्ये मिसळतात ते. त्यासाठी जिवाणूचं आम्ल करणारं जनुक बंद करायचं आणि ताडीत सापडणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूची दोन जनुकं ह्याच्यात बसवायची. सांगायला दोन वाक्यं लागली. करायला चार वर्षं.

"म्हंजे दह्यापासनं दारू?" पहिल्या दिवशी मामांनी विचारलं.

"दारू नाही मामा, गाडीचं इंधन."

"आवं ताई, गळ्यात माळ हाय माज्या. वीस वर्सांत ह्या कॉलेजानं मला काय काय धुवाय लावलं, आता दारूची भांडी बी धुवाय लावणार व्हय?" असं म्हणत त्यांनी माझ्या ट्यूबा उचलल्या आणि हसत हसत धुवायला घेतल्या.

त्या चार वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली, म्हणजे मी भांडले. एकदा मी इन्क्युबेटर उघडला तर त्याच्या दारावर हळदीचं पिवळंधमक बोट. इन्क्युबेटर म्हणजे जिवाणू उबेत वाढवायचं कपाट. मी किंचाळले, "मामा, हे काय? हळदीनं जंतू मरतात!"

"भंडारा हाय ताई, बिरोबाचा. जत्रंला गेलतो."

"बिरोबाचा असला तरी हळदच ना?"

"बाहीरनं लावलाय की. पोरं आत हायती." जिवाणूंना ते पोरं म्हणायचे. माझ्या तोंडाचा पट्टा अर्धा तास चालला आणि मामा शांतपणे स्पिरिटनं दार पुसत राहिले. हँडलच्या मागे मात्र एक बारीक ठिपका त्यांनी तसाच ठेवला होता, तो मला पुढच्या वर्षी दिसला.

आता मुकीबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. मी जनुकं बदललेले तीनशे नमुने तीनशे ट्यूबांत वाढवायला ठेवले होते. ट्यूबेतल्या रसात जांभळा रंग घातलेला असतो. जिवाणूनं आम्ल केलं की रस पिवळा होतो, जिवाणू मेला तर जांभळा आणि नितळ राहतो. मला हवा होता जांभळाच, पण गढूळ. म्हणजे जिवाणू जिवंत आहे, वाढतोय, पण आम्ल करत नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर निम्म्या पिवळ्या, निम्म्या नितळ. गढूळ जांभळी एक नाही. मी रॅक मामांपुढे आदळला आणि म्हटलं, सगळ्या कुकरात टाका.

मामांनी दोन दिवस टाकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी सदतीस नंबरची ट्यूब उजेडाकडे धरून माझ्या टेबलाशी आले. "ताई, ही मेली न्हाई. मुकी हाय."

ट्यूब जांभळी होती. आणि तळाला दुधाळ गढूळपणा होता.

"तुम्ही टाकल्या का नाहीत?" आनंद व्हायच्या आधी मला राग आला, काय करणार.

"कोकरू दोन दिसांत उटून उबं ऱ्हाईलं न्हाई म्हनून कोन टाकतंय व्हय? मागनं चालनारं बी एक असतंय कळपात." मशीनमध्ये घालून बघितलं तर इथेनॉल! थोडं, पण होतं. त्या दिवसापासून एस-सदतीसचं नाव मुकी पडलं. मॅडमसुद्धा मीटिंगमध्ये चुकून मुकी म्हणाल्या होत्या.

मामांच्या लहानपणाची गोष्ट मला त्याच दिवशी कळली. आम्ही कॅन्टीनमधून भडंग आणून खात होतो. बारा वर्षांचे होईपर्यंत मामा मेंढरांमागे फिरले. पाऊस सरला की कुटुंब घोड्यांवर बिऱ्हाड लादून पश्चिमेला निघायचं, कृष्णाकाठच्या रानांत मेंढरं बसवायची, उन्हाळा संपताना परत. आमच्या गावच्या रानातसुद्धा त्यांचा तळ पडत असे, माझ्या आज्याचं नावही त्यांना ठाऊक होतं. मामांची आई बयाबाई. ती दह्याच्या विरजणाचं मडकं एका घोडीवर बांधायची आणि त्याच विरजणात भिजवून सावलीत वाळवलेलं कापड दुसऱ्या घोडीवर. एका वर्षी ओढ्याला पाणी आलं आणि मडकंवाली घोडी मडक्यासकट वाहून गेली. पुढच्या तळावर बयाबाईनं कापडाचा तुकडा कोमट दुधात बुडवला आणि दुसऱ्या दिवशी दही खाल्लं सगळ्यांनी.

"आय म्हनायची, दोन्ही इरजणं एका घोडीवर टाकली तर समज टाकलंच न्हाई," मामा म्हणाले. मी भडंगातले शेंगदाणे वेचत हूं हूं केलं.

पुढच्याच महिन्यात मी मामांच्या कपाटात स्पिरिटची बाटली शोधत होते आणि मला कापूस लावून बंद केलेल्या ट्यूबा सापडल्या. आत मलमलीच्या वाळलेल्या पट्ट्या. पाच. वर मामांच्या अक्षरात "मुकी".

देवा रे देवा! मी किती ओरडले ते विचारू नका, वरच्या मजल्यावरून प्राध्यापक खाली आले. जनुकं बदललेला जिवाणू म्हणजे खेळ नाही. प्रत्येक ट्यूबची नोंद, प्रत्येक ट्यूब कुलपात, असे नियम आहेत, आणि इथे माझी मुकी डब्याच्या आणि गमछ्याच्या शेजारी.

"समदं कुकरात उकळून घेतलंय ताई. मलमल बी, दूध बी. बर्नरजवळच केलंय. तुमी करता तसंच."

"मला ऐकायचं नाही. आत्ताच्या आत्ता नष्ट करा."

"व्हय," मामा म्हणाले आणि ट्रे घेऊन गेले. त्यांचा चेहरा पडला होता. मला ते दिसलं, पण माफी मागायची माझी सवय नव्हती.

हे झालं फेब्रुवारीत. मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी जोडून आली. मामा बहिणीच्या नातीच्या लग्नाला आटपाडीला गेले, मी कऱ्हाडला जाऊन आंबे खाल्ले. परत आले तर लॅबच्या दारातच कुबट वास. जमिनीखालची केबल जळली होती, जनरेटर काही तास चालून बंद पडला होता, आणि आमचा उणे ऐंशीचा फ्रीझर, ज्यात चार वर्षांचे नमुने गोठवून ठेवले होते, तो कोमट झाला होता. आतून पाणी गळत होतं.

मॅडमनी मला मुकी सापडली तेव्हाच बजावलं होतं, तिचे दोन संच कर, वेगळे ठेव. मी दोन डबे केले होते. एक त्याच फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात, एक खालच्या.

पाच दिवस मी दोन्ही डब्यांतली एकेक ट्यूब जिवंत करून बघत होते. सगळ्या नितळ जांभळ्या. मुकीशिवाय माझा प्रबंध म्हणजे कोरे कागद. पुन्हा बनवायची तर तीनशेतून एक सापडायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक, आणि माझी फेलोशिप डिसेंबरपर्यंतच. घरी आई म्हणत होती, झालं तेवढं शिक्षण पुरे. पाचव्या दिवशी माझ्या हातून फ्लास्क पडून फुटला. काचा गोळा करायच्या सोडून मी मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि लहान पोरीसारखी रडले.

तेवढ्यात नानामामा लग्नाहून परतले. एका हातात पिशवी, एका हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. "काय झालं ताई? लाडू खावा."

मी सगळं सांगितलं. मामांनी पुडा पायरीवर ठेवला. "मंग कापड हाय की."

"कुठलं कापड? ते तुम्ही कुकरात टाकलंत ना?"

मामा मान खाजवायला लागले. "ताई, खोटं बोललो. म्हंजे बोललो न्हाई, नुसतं व्हय म्हनलो. आमच्यात इरजण टाकत न्हाईत. नको असंल तर कुनाला तरी द्यायचं असतंय. मंग मी मॅडमकडं गेलो."

मॅडमनी काय केलं, तर पाचही पट्ट्या काचेच्या पक्क्या ट्यूबांत सील केल्या, लेबलं लावली, आमच्या सुरक्षा समितीचं पत्र घेतलं आणि प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवल्या. "तिचा राग उतरला की सांगू," असं मामांना म्हणाल्या आणि नंतर परीक्षांच्या गडबडीत विसरल्या. कपाटाची किल्ली संग्रहालयाच्या हरिबामामांकडे. हरिबामामा म्हणजे नानामामांचे दोस्त, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची धूळ झटकणारे, तेही माणदेशातलेच, दहिवडीचे.

मी पळत सुटले. मागे नानामामा. हरिबामामा नुकत्याच संग्रहालयाच्या खिडक्या लावून दाराजवळच्या देवीच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते. पॅसेजमधल्या ट्यूबलाइटा लागल्या होत्या.

"हरिबामामा, किल्ली!"

त्यांनी आधी नानामामांकडे बघितलं, मग ट्यूबलाइटकडे. "काय काढायचंय?"

"इरजण," नानामामा म्हणाले.

"मंग आत्ता कसं? दिवं लागलं की. सकाळी न्हे."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मी नानामामांकडे वळले, तर हा माणूस मान हलवतोय! "व्हय ताई. त्ये बराबर हाय. दिवेलागणीनंतर इरजण घराभाईर देत न्हाईत. माझ्या बी ध्यानातनं गेलं."

"मामा, माझा प्रबंध आहे तो! चार वर्षं! आणि तुम्ही मला दिवेलागण सांगताय?" माझा आवाज त्या संग्रहालयात असा घुमला की हरिबामामांनी घाबरून पेंढा भरलेल्या गरुडाला हात लावला, कुठं पडला तर. पण दोघं म्हातारे हलले नाहीत. मी मॅडमना फोन लावला. त्या दिल्लीला होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं आणि वाट बघत राहिले, की आता मॅडम दोघांना झाडतील.

मॅडम आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "शिवांजली, आज फ्लास्क फोडलास ना? हात थरथरताहेत ना अजून? पाचच पट्ट्या आहेत. या हातांनी आज त्यांना शिवू नकोस. मामांचं ऐक, जेव आणि झोप."

 मी दोन लाडू खाल्ले आणि होस्टेलवर गेले.

सकाळी सातला दोघं मामा अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून हजर. हरिबामामांनी किल्ली फिरवली. ट्यूबा लॅबमध्ये आणल्यावर मी चिमटा उचलला आणि खाली ठेवला. "मामा, तुम्ही टाका."

चोवीस वर्षं बघून बघून त्यांना सगळं येत होतं. बर्नर पेटवला, चिमटा जाळून घेतला, पट्टी उचलली आणि रसात सोडली. हात तसूभर हलला नाही. दोन पट्ट्या टाकल्या, तीन राखून ठेवल्या.

पहिला दिवस नितळ. दुसऱ्या दिवशी एक ट्यूब पिवळी! म्हणजे त्या पट्टीत साधा दह्याचा जिवाणू शिरला होता.  दुसरी ट्यूब अजून नितळच. मामांनीही दोनदा माळेला हात लावलेला मी बघितला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "गेली मामा."

"मुकीला तीन दीस लागत्यात. त्ये बी धडधाकट व्हती तवा. आता वाळून पडलीया तीन म्हैनं. थांबा की वाईच."

चौथ्या दिवशी सकाळी मी जिन्यातच होते, तेव्हा वरून हाक आली. मामांची हाक मी कधी ऐकली नव्हती. मेंढरांना घालतात तसली, माळावर कोसभर जाईल अशी. "ताईऽऽ! आली गं, मुकी आली!"

मी दोन दोन पायऱ्या चढले. मामांनी ट्यूब खिडकीत धरली होती. जांभळी, आणि तळापासून गळ्यापर्यंत गढूळ. मी मामांना मिठीच मारली, आणि वर्गाच्या दारातून पोरं बघत होती तरी मोठमोठ्यानं रडले. "मामा, त्या दिवशी मी फार ओरडले. चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला काही झालं नाही.

"आवं, तुमी वरडला म्हनून तर मॅडमकडं गेलो. न्हाईतर माज्या कपाटात उंदरानं खाल्ली असती की," मामा म्हणाले. त्या दिवशी सगळ्या विभागाला भडंग मी खाऊ घातलं. हरिबामामांनी तर दोन पुडे घरी नेले.

डिसेंबरमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. परीक्षक पुण्याहून आलेले, नाव मोठं, चेहरा गंभीर. सगळं नीट पार पडल्यावर त्यांनी विचारलं, फ्रीझर बंद पडला तेव्हा नमुना वाचला कसा? मी म्हटलं, याचं उत्तर मी देणं बरोबर नाही, आणि मागे चहाचे कप गोळा करणाऱ्या नानामामांना पुढे बोलावलं. मामा आधी लाजले. मग त्यांनी बयाबाईच्या दोन घोड्यांची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की सर वहीत लिहून घ्यायला लागले. आई पहिल्या रांगेत होती, तिनं उगाचच पदर डोळ्यांना लावला.

चहा, फोटो, सत्कार यांत साडेसहा वाजले. सरांना मुकीचा नमुना त्यांच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. दोन्हीकडच्या समित्यांची पत्रं तयार होती, खाली गाडी उभी होती. मॅडमनी मला खूण केली, जा, घेऊन ये. मुकीच्या नव्या पट्ट्या आता आम्ही हरिबामामांच्या त्याच लोखंडी कपाटात ठेवत होतो. मी संग्रहालयाच्या दारापर्यंत गेले. हरिबामामा उदबत्ती लावत होते. मी पॅसेजकडे बघितलं आणि तशीच परत आले.

"सर, दिवे लागले. आता विरजण सकाळी मिळेल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. सर माझ्याकडे बघतच राहिले. "आणि मी रात्री कुठं जाऊ?"

"ऱ्हावा की सायेब," मागून नानामामा म्हणाले. "पोरीला भाकरी टाकाय सांगतो. लय लांब न्हाई घर."

आणि सर राहिले, खरंच राहिले. गाडी परत पाठवली, मामांच्या घरी भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली. सकाळी सातला कॉलेजात आले तेव्हा चेहरा अजिबात गंभीर नव्हता. हरिबामामांनी किल्ली फिरवली, मी सह्या घेतल्या आणि दोन सीलबंद ट्यूबा सरांच्या हातात ठेवल्या. सरांनी त्या रुमालात गुंडाळल्या, बॅगेची चेन उघडली आणि दोन्ही आत टाकायला लागले.

"सर! दोन्ही एका बॅगेत?" मी अशी ओरडले की सरांच्या हातातून रुमाल सुटायचाच राहिला.

सरांनी दचकून एक ट्यूब शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. नानामामा दारात उभे होते, ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला.